हद्दीबाहेरचा आशिया

खाजणखोल गावातली माणसं प्रवास करीत ती चार कारणांसाठी. कुणाचं लग्न, कुणाचं बारावं, कोर्टाची तारीख, नाहीतर मुंबईची नोकरी. पाचव्या कारणासाठी कुणी गावाबाहेर पाऊल टाकल्याचं म्हाताऱ्या हौसाबाईलाही आठवत नव्हतं, आणि तिला तर कुणाच्या म्हशीने कुठल्या साली कुणाचा पावटा खाल्ला तेही आठवे. त्यामुळे चौसष्ट सालच्या मार्गशीर्षात हरीभाऊ परब बायकोला घेऊन आगबोटीने पणजीला निघालेत, आणि तेही नुसतं बघायला, ही बातमी फुटली तेव्हा हौसाबाई काठी टेकत आली ती पदर डोळ्यांना लावूनच.

"कोण गेला गो?" तिने अंगणातूनच विचारलं.

"कोणी गेलेलं नाही," हरीभाऊ पडवीतून म्हणाले. "आम्हीच चाललोय. प्रवासाला. मौज म्हणून."

हौसाबाईने डोळ्यांचा पदर काढला आणि ती जरा रागावूनच परत गेली. एवढं चालत यायचं आणि शेवटी मौज निघायची, हे तिला पटलं नाही.

हरीभाऊ मालवणात एका कचेरीत कारकून होते. बावीस वर्षं इतरांच्या रजेचे अर्ज तपासणं हे त्यांचं काम. कोण आजीच्या नावावर तिसऱ्यांदा रजा काढतोय, कुणाला हापूस उतरवायच्या दिवसांतच नेमका ताप येतो, हे त्यांना तोंडपाठ. स्वतः मात्र ते कधी कुठे गेले नव्हते. कचेरीने जुनी रद्दी काढली त्यात एक नकाशांचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं आणि तिथून सगळं बिघडलं. त्या पुस्तकात युरोपला एक पान होतं आणि आशिया दोन पानं भरून वर आणखी कडेला सांडला होता. हरीभाऊ रोज रात्री जेवल्यावर ती दोन पानं बघत. युरोपातली माणसं कर्ज काढून आशिया बघायला येतात, आणि आपण आशियात फुकट जन्मूनही मालवणच्या बाजारापुढे गेलो नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्यांनी शंभर पानी वही आणली आणि तिच्यावर टाकाने सुवाच्य लिहिलं, 'आशिया खंडातील प्रवास, भाग पहिला'.

"आशिया मालवणाच्या अल्याड की पल्याड, भावसाहेब?" शेजारच्या बाबलीने विचारलं. बाबलीला नारळ काढण्याखेरीज दुसरा धंदा नव्हता, आणि झाडावर असला तरी खालच्या गप्पांत भाग घेण्याची त्याला सवय होती.

"तू बसलायस ते झाडसुद्धा आशियातच आहे," हरीभाऊ म्हणाले.

"मगे खंय जातास? हयसरच बघा."

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून हरीभाऊंनी वही मिटली.

तर मुद्दा रजेचा. कचेरीत मौज म्हणून रजा मागायची म्हणजे काय प्रसंग, हे हरीभाऊंइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी स्वतःच तसे दोन अर्ज पूर्वी लाल शाईने परत केले होते. पण त्या वर्षी देवच मदतीला आला. खाजणखोलात दर तीन वर्षांनी गावपळण असते. ग्रामदेवतेचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री घरं सोडून हद्दीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, झाडू फिरत नाही. व्हाळापलीकडच्या, म्हणजे हद्दीवरच्या ओढ्यापलीकडच्या, कातळावर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात आणि गाव तिथे रांधतो, खातो, भजनं म्हणतो. चौथ्या दिवशी सकाळी मानकरी तेवढे देवळात जाऊन पुन्हा कौल लावतात आणि देवाने 'या' म्हटलं की ढोल वाजतो. कुणी म्हणतं देवाला या दिवसांत एकांत हवा असतो. बावीस वर्षं कचेरीत काढलेल्या हरीभाऊंना देवाची ही इच्छा अगदी मनापासून समजे.

गावपळणीची रजा कचेरी विनातक्रार देई. देवाच्या नावाने आलेल्या अर्जावर लाल शाई चालवायला कुणी तयार नव्हतं. इथेच हरीभाऊंची अक्कल चालली. हद्दीबाहेर जायचंच आहे, तर दोनशे पावलांवरच्या खोपीत का जायचं? पहिला दिवस खोपीत काढायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणात नऊची आगबोट धरायची आणि संध्याकाळी पणजी. गोवा मोकळा होऊन तीन वर्षं झाली होती. काल-परवापर्यंत परदेश असलेला मुलूख, म्हणजे पहिल्या भागाला अगदी योग्य.

गावाच्या वतीने देवाशी बोलणारे भिकाजी गावकर यांना मात्र यात शास्त्राची अडचण दिसली. हद्दीबाहेर म्हणजे किती बाहेर? देवाने चालत व्हाळापलीकडे जा म्हटलं असेल आणि माणूस बोटीने पणजीला गेला, तर ती पळण की पळवाट? ते दोन दिवस सुपारी चघळत विचार करीत होते. शेवटी त्यांनी निकाल दिला.

"भायर म्हणजे भायर. किती, तां देवान सांगलेला नाय. जावा. पण परत येताना व्हाळावरसूनच येवा."

या सगळ्यात सुगंधाबाईंना कुणी काही विचारलं नव्हतं. हरीभाऊंनी त्यांना विचारलं नाही, सांगितलं. "आपण पणजीला जातोय." त्या तांदूळ निवडत होत्या. "माका बोट लागता," त्या म्हणाल्या. "लिंबू घेऊ," हरीभाऊ म्हणाले. मग त्या "बरां" म्हणाल्या. बावीस वर्षं त्या "बरां" म्हणत होत्या आणि बावीस वर्षं हरीभाऊ त्याचा अर्थ होकार असा लावत होते.

नाताळच्या तोंडावर बोटी भरून जात होत्या. तिकिटांसाठी हरीभाऊंना एजंटाच्या खिडकीशी तीनदा उभं राहावं लागलं, पण दोन तिकिटं मिळाली. ती त्यांनी लग्नातल्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. पाकीटही तिथेच ठेवलं. आशिया बघणारा माणूस कोटातच शोभतो याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. कोट आता पोटाशी मिटत नव्हता, पण आशियाला ते कशाला कळतंय?

पळणीची सकाळ उजाडली. कोटाला शेणमातीचे हात लागू नयेत म्हणून हरीभाऊंनी तो पडवीतल्या खुंटीवर टांगला. सगळं सामान पोचवायचं आणि शेवटी येऊन रुबाबात कोट चढवायचा, असा बेत. तेवढ्यात ढोल वाजला. ढोलाने गाय बिथरली, दावं तोडून कुळथाच्या शेतातून थेट उत्तरेला सुटली. पुढे गाय, मागे हरीभाऊ, त्यांच्या मागे "भावसाहेब, पंचो!" असं ओरडत बाबली, अशी ती मिरवणूक व्हाळ ओलांडून कातळावर पोचली. सुगंधाबाई मागून डोक्यावर टोपली आणि काखेत कोंबडी घेऊन शांतपणे आल्या. भिकाजी गावकरांनी सगळ्यांच्या मागून येऊन हद्दीवर नारळ ठेवला. आता तीन दिवस आत पाऊल नाही.

दुपारी पेज प्यायल्यावर हरीभाऊंनी छातीवर हात फिरवला. हाताला फक्त बनियन लागलं.

ते ताडकन उठले आणि कातळाच्या कडेला गेले. समोर व्हाळ, व्हाळापलीकडे त्यांचं घर, घराची पडवी, आणि पडवीत, उन्हात अगदी स्पष्ट, खुंटीवर काळा कोट. वारा आला की त्याच्या बाह्या हलत. माणसाने दोनशे पावलांवरून स्वतःचा प्रवास असा टांगलेला बघावा, यापेक्षा मोठी विटंबना नाही.

"आता हो काय करायचं?" ते भिकाजी गावकरांकडे गेले. संताप आला किंवा घाबरले की हरीभाऊंना शुद्ध मराठी फुटे. "एक मिनिटाचं काम आहे. मी जातो आणि येतो."

"देवाक काय सांगू? भावसाहेबांचो कोट ऱ्हवलो?"

"सांगा ना! तुमचं ऐकतो तो."

"चौथ्या दिसाक ऐकता," गावकर म्हणाले. "आता तो एकटो आसा."

कचेरी देवाची असो की सरकारची, साहेब जागेवर नाही हे उत्तर सगळीकडे सारखंच, हे हरीभाऊंच्या लक्षात आलं. मग त्यांना एस.टी. आठवली. दुपारची गाडी गावातूनच जाते, त्यांच्या घराच्या कुंपणाला लागून. त्यांनी हद्दीबाहेरच्या फाट्यावर हात दाखवून गाडी थांबवली आणि कंडक्टर गणपतला दाराशी धरून सगळी हकिगत सांगितली. गणपतने ती शांतपणे ऐकली. गाडीतल्या माणसांनीही ऐकली.

"भावसाहेब, ह्या तीन दिसांत माझी गाडी तुमच्या गावात थांबणा नाय," गणपत म्हणाला.

"नियम आहे का तसा? लेखी दाखव."

"लेखी नाय. डायवर भितो." त्याने घंटी ओढली. जाता जाता गाडी घराशी जराशी हळू झाली, हरीभाऊंच्या जिवात जीव आला, आणि खिडकीतल्या सगळ्या उतारूंनी माना वळवून कोट बघून घेतला.

हरीभाऊ फाट्यावर कपाळाला हात लावून बसले असताना तो गोरा आला. सायकलवरून. तांबूस दाढी, अर्धी चड्डी, मागे बांधलेलं गाठोडं आणि गळ्यात कॅमेरा. त्याने कातळावरच्या पन्नास खोपी, गुरं, चुलींचा धूर आणि समोरचा सुनसान गाव बघितला आणि तो सायकलवरून उतरला. युद्ध की पूर, असं त्याने इंग्रजीत विचारलं.

हरीभाऊंचं इंग्रजी पत्रव्यवहाराचं होतं. "आय हॅव द ऑनर टू स्टेट," त्यांनी सुरुवात केली, आणि बऱ्याच विनम्र निवेदनांनंतर पाहुण्याला एवढं कळलं की देवाला एकांत हवा म्हणून गाव तीन दिवस बाहेर आलाय. पाहुणा थक्क झाला. तो बेल्जियमचा होता. आठ महिने सायकल मारत, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान करीत इथवर आला होता आणि गोव्याला चालला होता. आशिया बघायला निघालोय, तो म्हणाला, आणि आजवर जे पाहिलं त्यात हे सगळ्यात सुंदर. असं म्हणून त्याने हरीभाऊंना तीन दगडांच्या चुलीजवळ उभं केलं आणि फोटो काढला. बनियन, ओला पंचा, हातात गाईचं दावं.

हरीभाऊंना फार वाईट वाटलं. ज्या आशियासाठी आपण वही आणली, तिकिटं काढली, तो आशिया म्हणजे आपणच, तोही असल्या वेषात, हे त्यांना सहन होईना. निदान कोट तरी अंगावर असता.

पण बाबलीचं डोकं भलत्या वेळी चालतं. "भावसाहेब, नियम आमका. ह्या गोऱ्याक काय? देव तेका वळखणा पण नाय!"

सगळे गावकरांकडे बघायला लागले. गावकरांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. बेल्जियमच्या माणसाबद्दल देवाने आजवर काही सांगितलेलं नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं. हरीभाऊंनी ताबडतोब पाहुण्याला लांबून कोट दाखवला. तो आनंदाने तयार झाला. त्याने बूट घट्ट केले, पाऊल टाकलं, आणि मागून सुगंधाबाईंचा आवाज आला.

"उपाशी माणसाक कामाक धाडतास? काय म्हणात तो आमच्या गावाक?"

हरीभाऊंना बायकोचा अभिमान वाटला. आतिथ्य म्हणजे आतिथ्य. सुगंधाबाईंनी पाहुण्याला केळीच्या पानावर भात वाढला, त्यावर तारली मासळीचं झणझणीत तिखलं, बाजूला तळलेली तुकडी. त्याचे डोळे पाणावले तसा त्यांनी आणखी भात वाढला. मग सोलकढी. मग पुन्हा भात, कारण सोलकढी उरली होती. मग सोलकढी, कारण भात उरला होता. आठ महिने पाव आणि उकडलेली अंडी खाल्लेला तो जीव काजूच्या सावलीत नुसता टेकायला म्हणून गेला आणि घोरायला लागला.

हरीभाऊंनी त्याला हाका मारल्या. खोकून बघितलं. सायकलची घंटी वाजवली. तो उठला तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि दिवेलागणीनंतर हद्दीकडे तोंड करून पाऊल टाकायचं नाही, या बाबतीत गावकरांनी गोऱ्यालाही सूट दिली नाही. सकाळी उजाडायच्या आत पाहुणा सुगंधाबाईंना वाकून नमस्कार करून पणजीला गेला.

दुसऱ्या दिवशी हरीभाऊ समुद्र दिसणाऱ्या टेकडीवर, टेंबावर, जाऊन बसले. साडेनऊच्या सुमाराला आगबोट दिसली. ती धूर सोडत दक्षिणेला निघाली, त्यांच्या दोन जागा रिकाम्या घेऊन. हरीभाऊ ती ठिपका होईपर्यंत बघत राहिले. त्यांना खरोखर रडू आलं. खाली आले तेव्हा कातळावर बायकांनी फेर धरला होता, आणि मधोमध बेचाळीस वर्षांच्या सुगंधाबाई हौसाबाईच्या सुनेबरोबर फुगडी घालत होत्या. आपल्या बायकोला फुगडी येते हे हरीभाऊंना माहीत नव्हतं. ती इतक्या मोठ्याने हसते, हेही त्यांनी ऐकलं नव्हतं. मग फुगडी थांबली आणि सुगंधाबाईंनी गाईमागे धावणाऱ्या कुणा माणसाची नक्कल केली. बायका पोट धरून कातळावर बसल्या. नक्कल कुणाची हे विचारायची हरीभाऊंना गरज पडली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते खोपीत पडून कण्हत होते. "एवढा मोठा कोट! एवढी माणसं त्या वाटेने आली. एकाच्याही दृष्टीस पडू नये?"

"माज्या पडलो," सुगंधाबाई म्हणाल्या. त्या हौसाबाईचे केस विंचरत होत्या.

"काय?"

"मी बघलंय. निघताना. खुंटयेर होतो."

हरीभाऊ उठून बसले. "आणि तुम्ही तो आणला नाहीत?" आजवर त्यांनी बायकोला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. प्रसंगच तसा होता.

"नाय हाडूक."

"हा शुद्ध विश्वासघात आहे!"

"आसात," सुगंधाबाई म्हणाल्या. "त्या गोऱ्याक भात पण मुद्दाम वाढलंय."

हौसाबाई केस तसेच सोडून उठली आणि पलीकडच्या खोपीत गेली. पलीकडच्या खोपीतून इथलं सगळं ऐकू येत असे.

"पण का गो?" हरीभाऊ मालवणीवर आले. "कित्याक असा केलंस?"

सुगंधाबाईंनी फणी खाली ठेवली. "तीन वर्सांत माका हे तीन दिस गावतत. सारवूक नको, पाणी ओढूक नको, दारात कोण पावणो उभो नाय. बायलमाणसा एकत्र बसतो, बोलतो, हसतो. ह्या दिसांची मी वाट बघतंय. आणि तुमी माका बोटीत घालून नेतल्यात. मी थंयपर्यंत ओकतलंय, मगे पणजेत तुमच्या पाठसून चलतलंय आणि तुमी माका पाटये वाचून दाखवतल्यात. ती तुमची रजा, माजी न्हय. माजी रजा ही."

"मग तसं सांगायचंस!"

"बोट लागता म्हटलंय. तुमी लिंबू म्हणालात."

हरीभाऊ पुन्हा आडवे झाले आणि रागावून राहायचा प्रयत्न करू लागले. पण बावीस वर्षांची सवय वाईट. डोक्यात रजेचं रजिस्टर उघडलं गेलं. किरकोळ रजा, हक्काची रजा, आजारपणाची रजा. परब, सुगंधा हरिश्चंद्र, या नावापुढचे सगळे रकाने कोरे होते. बाळंतपणातसुद्धा ही बाई अकराव्या दिवशी विहिरीवर उभी होती. एखाद्या साहेबाने शिपायाला असं वागवलं असतं, तर हरीभाऊंनी स्वतः वर तक्रार लिहून दिली असती. हे मनात आलं आणि त्यांना फार लाज वाटली. तेवढ्यात पलीकडून हौसाबाई ओरडली, "मिटला काय गो? माजे केस ऱ्हवले!"

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी देवळात गेले आणि गाव हद्दीवर कान देऊन उभा राहिला. पुरुषांना घाई झाली होती. नारळ उतरायचे होते, गुरांना गोठा हवा होता. बायका मात्र खाली बसून होत्या आणि कुणी टोपली भरायला घेतली नव्हती. हरीभाऊंनी हे जन्मात पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी हळूच हात जोडले. देवा, ते मनात म्हणाले, आणखी दोन दिवस एकटा राहा. कोट राहू दे तिथेच. आमची काही तक्रार नाही.

ढोल वाजला. देव कुणाच्या शिफारशीवर चालत नाही.

"व्हय म्हाराजा!" पुरुष एकदम ओरडले आणि खोपी मोडायला धावले. सुगंधाबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला, आणि त्यांचा चेहरा पुन्हा रोजच्यासारखा झाला. तो होताना हरीभाऊंनी बघितला, आणि पणजीची बोट चुकल्याचं वाईट वाटलं नव्हतं एवढं त्यांना त्या वेळी वाटलं.

घरी आल्याबरोबर सुगंधाबाईंनी कळशी उचलली. पडवीत कोट होता. तिकिटं होती, पाकीटही होतं. हरीभाऊंनी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बायकोच्या हातातून कळशी काढून घेतली.

"बस."

"पाणी नाय घरात."

"खाली बस," हरीभाऊ म्हणाले, आणि मग कचेरीतल्या आवाजात, कारण दुसऱ्या आवाजात ते त्यांना जमलं नसतं, "आपली रजा आणखी एक दिवस वाढवण्यात आली आहे."

सुगंधाबाई पडवीच्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसल्या.

अख्खा गाव डोक्यावर सामान घेऊन परतत होता, आणि वाट विहिरीवरूनच होती. भावसाहेब परब पंचा खोचून रहाटाशी उभे आहेत, हे दृश्य बघायला लोक सामानासकट थांबले. बाबलीने रहाट कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगितलं. भिकाजी गावकरांनी दुसरी बाजू सांगितली. हौसाबाईने विचारलं, "सुगंधा आजारी आसा काय रे?"

"रजेवर आहे!" हरीभाऊ ओरडले आणि त्या भरात त्यांनी दोराला असा हिसडा दिला, की गाठ सुटली. कळशी भिंतीवर दोनदा आदळली आणि डुबुक करून तळाला गेली. लोकांनी एका सुरात हळहळ व्यक्त केली. हरीभाऊ रिकामा दोर धरून विहिरीत वाकून बघत राहिले. मग त्यांनी हळूच मान वळवून घराकडे पाहिलं.

"कळशी काढूचो गळ बाबलीकडे आसा," पडवीतून सुगंधाबाईंनी सांगितलं. पण त्या उठल्या नाहीत.